मित्राताईची चालती खोली

संघमित्रा गजभिये हे नाव आमच्या ऑफिसात कुणालाच धड उच्चारता येत नसे. जर्मन सहकाऱ्यांनी त्याचं ‘मित्रा’ केलं होतं आणि मी त्याला ताई जोडलं. जर्मनीतल्या येना शहरात एका लेन्स बनवणाऱ्या कंपनीत आम्ही दोघी कामाला होतो. ती तिथे मुरलेली, मी नुकतीच साताऱ्याहून पुणे आणि पुण्याहून थेट इथे येऊन पडलेली.

पहिल्याच दिवशी कॉफीच्या मशीनपाशी तिने मला गाठलं.

“मराठी नं तू? कुठली?”

“साताऱ्याची.”

“मी नागपूरची. घर मिळालं?”

“नाही अजून. दोन पाहायची आहेत.”

“चाल, पाहून येऊ.”

मला वाटलं, शनिवार-रविवारी म्हणत असेल. तिने जॅकेट अंगावर चढवलंसुद्धा होतं. त्या संध्याकाळी आम्ही ‘झाले’ नावाच्या नदीचा पूल ओलांडून पलीकडच्या टेकडीवर चालत गेलो. माझ्या पायात ऑफिसचे नवे बूट होते, ते टाचेला लागत होते. दोन्ही घरं तिने मला फक्त बाहेरून दाखवली. “आतून कसं आहे ते नंतर पाहशील. आधी हा उतार पाहून घे. थंडीत बर्फावरून रोज सकाळी इथून उतरायचं आहे तुला.” मी दुसरं, सपाटीवरचं घर घेतलं. पुढच्या हिवाळ्यात त्या उतारावरून माणसं कठड्याला धरून उतरताना बघितली, तेव्हा मला तिचं म्हणणं पटलं.

‘चाल, पाहून येऊ’ हे तिचं वाक्य. कुठल्याही प्रश्नावर तिच्याकडे तेवढंच उत्तर असायचं. नवीन यंत्र नीट चालत नाहीये, चाल पाहून येऊ. अमुक दुकानात कढीपत्ता मिळतो म्हणे, चाल पाहून येऊ. बुटकी, सडपातळ, केस मानेपाशी कापलेले, आणि चालताना अंग जरासं पुढे झुकलेलं, पुढून कुणीतरी हाक मारल्यासारखं. मीटिंगमध्ये ती पाच-सात मिनिटं बसायची, मग उठून भिंतीला टेकायची, मग खिडकीपाशी जायची. आमच्या साहेबाने शेवटी तिच्यासाठी एक उंच टेबल आणून खिडकीत ठेवलं. चहा ती चालत प्यायची. आईशी फोनवरही चालतच बोलायची. तिची आई नागपुरात बसून ट्रामच्या घंटेवरून आणि पुलावरच्या वाऱ्यावरून ओळखायची, पोरगी आत्ता कुठे पोचलीय.

नवरा तिच्या अगदी उलट. सुहासदादा अकोल्याचा, गाड्यांच्या ब्रेकसाठी लागणारं सॉफ्टवेअर लिहायचा, बहुतेक घरूनच. बोलताना तो मध्ये इतका थांबायचा की फोनवरच्या माणसाला लाइन कट झाली असं वाटावं. हसायचा तेही आवाज न करता, नुसते खांदे हलवून. या दोघांचं कसं जमलं असेल, असं मला सुरुवातीला वाटायचं. मग एका रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले आणि कळलं.

दर रविवारी ते दोघं महिन्याच्या तिकिटावर कुठल्यातरी लोकल गाडीत बसायचे आणि ताईला वाटेल त्या स्टेशनवर उतरायचे. त्या दिवशी आम्ही चेक सरहद्दीजवळच्या एका खेड्यात उतरलो. बेकरी बंद, चर्च बंद, रस्त्यावर माणूस नाही. एका कुंपणामागे बदकं होती, ती तेवढी आमच्यावर ओरडली. ताई गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भराभर चालून आली. सुहासदादा स्टेशनवरच्या बाकावर बसून होता.

“पाहून झालं?” त्याने विचारलं.

“झालं.”

“काय पाहिलं?”

“इथे काही नाही हे पाहिलं.”

तो खांदे हलवून हसला आणि तिच्यासाठी बाकावर जागा केली. ती बसली नाही, त्याच्या शेजारी उभी राहिली, हात त्याच्या खांद्यावर ठेवून. तो असल्यामुळे तिला परत यायला ठिकाण होतं. तो नसता तर ती कुठवर गेली असती कुणास ठाऊक.

पुढच्या वर्षी सुहासदादाच्या किडन्या निकामी झाल्या. रक्तदाबाचा त्रास होता, तो आपला हळूहळू आत काम करत राहिला होता. नव्या किडनीसाठी यादीत नाव लागलं, पण इथली यादी फार लांब असते. ताईने स्वतःची द्यायचं ठरवलं, तपासण्या झाल्या, आणि तिची घेता येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यानंतर दोन दिवस ती ऑफिसात दिसली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती पायाला फोड घेऊन. कुठे चालली होती ते मी विचारलं नाही.

डायलिसिसचे दोन प्रकार असतात. एकात दवाखान्यात जाऊन यंत्राला जोडून घ्यायचं. दुसरा घरी करता येतो: पोटात कायमची एक नळी बसवलेली असते, तिच्यातून पिशवीभर द्राव पोटात सोडायचा, काही तासांनी तो काढून नवा भरायचा. दिवसातून चारदा, दर वेळी अर्धा तास. सुहासदादाने हा दुसरा प्रकार घेतला. शिकवायला सिस्टर आंके यायची, पन्नाशीची, कडक बाई. खिडक्या बंद. पंखा बंद. मास्क. हात कोपरापर्यंत धुवायचे. नळी जोडताना खोलीत ये-जा नाही. जंतू आत गेले तर जिवाशी गाठ.

त्या पिशव्यांची खोकी महिन्यातून एकदा ट्रकने यायची आणि त्यांचा हॉल छतापर्यंत भरून जायचा. त्यांचं घर येनाच्या लोबेडा भागातल्या एका उंच इमारतीत पाचव्या मजल्यावर होतं. दिवाळीला मी गेले तेव्हा खोक्यांच्या मधून आडवं होऊन स्वयंपाकघरात जावं लागलं होतं.

रविवार मात्र ताईने सोडला नव्हता. दोन पिशव्यांच्या मधल्या चार तासांत जाऊन येता येईल अशी ठिकाणं ती शोधायची. एकदा नाउम्बुर्गच्या अलीकडे गाडी बंद पडली. पुढची येईना, बस येईना. सुहासदादा घरी पोचला तेव्हा पिशवीची वेळ टळून कितीतरी वेळ झाला होता, पाय सुजले होते. त्याने काही राग वगैरे केला नाही. “आता बास,” एवढंच म्हणाला.

आणि ती थांबली. म्हणजे बाहेर जायची थांबली. घरात तिने सोफा या भिंतीचा त्या भिंतीला नेला, मग परत आणला. पडदे बदलले. लोबेडाजवळ आउटोबान, म्हणजे इथला महामार्ग, एका बोगद्यातून जातो आणि बोगद्याच्या डोक्यावर गवत लावलेलं आहे. संध्याकाळी ती तिथे जाऊन उभी राहायची आणि बोगद्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्या बघायची. सुट्ट्या सुरू झाल्या होत्या. गाडीमागून गाडी दक्षिणेकडे चालली होती, आणि दर चौथ्या-पाचव्या गाडीच्या मागे एक पांढरी कॅरॅव्हॅन, गाडीला जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली. “त्याला खोली पाहिजे नं? स्वच्छ, बंद खिडक्यांची?” ती म्हणाली. “मग खोलीच संग घेऊन जाऊ.”

सुहासदादाने ऐकून घेतलं. मी त्या संध्याकाळी त्यांच्याकडेच होते. मग तो म्हणाला, “आपली गाडी जुनी. त्या डब्याला ओढायला डिझेल किती लागेल, विचार केला का? दुप्पट. आणि वर माझी खोकी. आठवडाभर जायचं तर एका माणसाएवढं वजन नुसत्या पाण्याचं.”

“म्हणजे डिझेल कमी लागलं तर येशील?”

तो गप्प राहिला. ताईने ते होकारात धरलं.

त्यानंतरचे दोन महिने तिने डोकं दुसऱ्या कशात घातलं नाही. ऑफिसचं काम करायची, पण जेवणाच्या सुट्टीत तिच्या तोंडी कॅरॅव्हॅनशिवाय विषय नसे. आमच्या गाडीला बाराशे किलोपर्यंतच ओढायची परवानगी आहे, म्हणून मोठ्या सगळ्या बाद. अमुक हलकी आहे पण छप्पर फार उंच. तमुक छान आहे पण आत ओव्हन, शॉवर आणि कसलं कसलं सामान.

गेराच्या रस्त्यावर लिंडनर नावाच्या माणसाचं कॅरॅव्हॅनचं आवार होतं, विकत आणि भाड्याने दोन्ही. तिथे तिने मला नेलं. लिंडनर जाडजूड, लालबुंद, बोलायला मोकळा. त्याने आम्हाला एक सहा माणसांची दाखवली, मग चारांची. ताईने एका छोट्या, पांढऱ्या कॅरॅव्हॅनवर हात ठेवून विचारलं, “हिचं वजन?”

त्याने छापील पत्रक दिलं.

“हे नाही. खरं वजन. बॅटरी, गॅसची टाकी, बाहेरचा मांडव, सगळं धरून.”

“ते कुणी मोजत नाही, फ्राऊ गजभिये.”

“काट्यावर नेऊ नं. वाटेत खडीचा कारखाना आहे, तिथे ट्रक मोजतात.”

लिंडनर हसला. ती हसली नाही, म्हणून त्याला चावी शोधावी लागली. खडीच्या काट्यावर ती कॅरॅव्हॅन पत्रकातल्या आकड्यापेक्षा एका चांगल्या धडधाकट माणसाच्या वजनाने जड निघाली. लिंडनरने दोनदा मोजायला लावलं, डोकं खाजवलं. “तीस वर्षं विकतोय,” तो म्हणाला, “खरंच, हे मला माहीत नव्हतं.” त्या दिवसापासून तो ताईला ‘फ्राऊ वागऽ’ म्हणू लागला, म्हणजे तराजूबाई. तिला ते आवडलं असावं. पुढे फोनवर स्वतःच ते नाव सांगायची.

पण वजनाने तिचं समाधान होईना. तिला संशय होता की डिझेल नुसतं वजनाने लागत नाही, समोरून वारा किती अंगावर येतो त्यानेही लागतं. मग लिंडनरकडून दोन कॅरॅव्हॅन भाड्याने घेतल्या. एका शनिवारी उंच पण हलकी, दुसऱ्या शनिवारी बुटकी पण जड. दोन्ही वेळा आउटोबानने आयझेनाखपर्यंत जायचं आणि परत यायचं. माझं काम शेजारी बसून गाडीच्या पडद्यावरचा डिझेलचा आकडा वाचणं.

उंच असलेली सपाट रस्त्यावर अक्षरशः डिझेल पीत होती. शंभरच्या वेगाला आकडा नेहमीच्या दुप्पट झाला. बुटकी जड असूनही बरीच कमी खात होती. फक्त चढ आला की तिचं वजन कळायचं.

“सपाटीवर उंची भोवते आणि चढावर वजन,” ताई म्हणाली. “बुटकी आणि हलकी, दोन्ही पाहिजे. आता ऐंशीने पाहू.”

वेग कमी केला की वारा कमी, हे तिलाही माहीत होतं. पण ऐंशीने जायचं म्हणजे ट्रकच्या मागे ट्रकसारखं जायचं. पहिली काही मिनिटं ती गेली. मग तिची बोटं स्टिअरिंगवर वाजू लागली. मग तिने मान वाकडी करून ट्रकच्या पुढे काय आहे ते बघितलं. मग इंडिकेटर.

“ताई, ऐंशी.”

“हो नं. हा ट्रक जाऊ दे.”

“तो पुढेच आहे, ताई. तू चाललीयेस त्याच्या पुढे.”

“त्याच्या मागे काही दिसतच नाही. एवढा एक झाला की मग ऐंशी.”

त्या एकाच्या पुढे अर्थातच दुसरा ट्रक होता. येना येईपर्यंत आम्ही किती ट्रक मागे टाकले देव जाणे. ऐंशीचा आकडा आम्हाला मिळालाच नाही.

रात्रीच्या जेवणाआधी सुहासदादाला तिने सगळे आकडे सांगितले. त्याने शांतपणे ऐकले. मग विचारलं, “ऐंशीने किती?”

“तो नाही मिळाला.”

“म्हणजे?”

ती भांडी काढायला वळली. मग मीच सांगितलं काय झालं ते. सुहासदादाचे खांदे हलायला लागले. कितीतरी महिन्यांत तो हसलेला मी बघितला नव्हता. हसता हसता त्याला टेबल धरावं लागलं. “तुझ्या हातात कागदाची कॅरॅव्हॅन दिली तरी दुप्पट डिझेल लागेल,” तो म्हणाला.

“मग तू चालवून पाहा,” ती पाठमोरीच म्हणाली.

तिसऱ्या शनिवारी, सकाळची पिशवी झाल्यावर, आम्ही तिघं निघालो. बुटकी कॅरॅव्हॅन मागे. सुहासदादा चालवत होता, ताई त्याच्या शेजारी, मी मागच्या सीटवर. त्याने एका ट्रकच्या मागे, बऱ्याच अंतरावर, ऐंशीचा वेग लावला आणि तिथेच राहिला. ट्रक चढावर हळू झाला की तो हळू. मागून लोक चिडून पुढे निघून जात होते, त्याला त्याचं काही नव्हतं. ताईने आधी खिडकीची काच खाली केली, मग वर केली, मग पाय वर घेतले, मग खाली. वायमारच्या पुढे गेल्यावर ती वाकून पडद्याकडे बघायला लागली.

“हे बरोबर दाखवून राहिलं का?”

“दाखवत असेल.”

“इतकं कमी?”

त्याने आरशात मागची गाडी बघितली. मग पुढे बघतच म्हणाला, “डिझेलचं काही नव्हतं, मित्रा.”

“मंग?”

“तू मला नेणार होतीस. इथे ने, तिथे ने. मागे खोकी, पुढे मी. सामानच की एक. म्हणून नको म्हणत होतो.”

मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर पिवळी शेतं होती, पवनचक्क्या होत्या. ताई त्या सबंध वेळात हलली नाही, हे मला आरशातून दिसत होतं.

“मंग तू ने मला,” ती शेवटी म्हणाली.

नंतर एकदा मी तिला विचारलं होतं की त्या दिवशी ते ट्रक तिने मुद्दाम मागे टाकले होते का, त्याला चालवायला द्यावं म्हणून. तिने माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. “काहून? मला खरंच नाही जमत तसं जायला.” मला अजून खात्री नाही.

लिंडनरने त्यांच्यासाठी एक जुनी शोधून काढली. गाडीपेक्षा जेमतेम उंच, थांबल्यावर छप्पर हाताने वर ढकलायचं अशी. छपराच्या बाजूंना कापड होतं. सिस्टर आंके स्वतः पाहायला आली, आत बसली, दार लावलं, आणि एक दोरा हातात धरून तो हलतोय का ते बघत राहिली. कापडापाशी दोरा हलला. “छप्पर खाली असतानाच नळी जोडायची,” तिने बजावलं. छप्पर खाली म्हणजे पिशवी टांगायला उंची कमी. मग ताईने बाकाचे पाय कापून बैठक खाली घेतली आणि कपाटाच्या वरच्या कडेला हूक ठोकला. ओव्हन काढून टाकला, जाड गादी काढली, लाकडी टेबलाच्या जागी घडीचं लावलं. प्रत्येक वस्तू हातात घेऊन ती विचारायची, “हे नसलं तर काय होते?” सुहासदादाच्या दोन जाड कादंबऱ्यांवरही तिची नजर गेली. त्या त्याने राहू दिल्या.

मग ते जायला लागले. आधी झाले नदीच्या धरणापाशी, मग हार्त्सच्या डोंगरात, मग स्प्रेवाल्डच्या कालव्यांकडे. पिशवीची वेळ झाली की सुहासदादा विश्रांतीच्या जागी गाडी लावायचा, मागे जाऊन दार आतून बंद करून घ्यायचा, आणि ताई बाहेर. अर्धा तास ती कॅरॅव्हॅनभोवती चकरा मारायची. धरणाच्या वेळी मी बरोबर होते. एक म्हातारं जर्मन जोडपं डबा खात बसलं होतं. तिच्या बऱ्याच चकरा पाहून म्हातारा उठून आला आणि काळजीने विचारू लागला, काही बिघडलंय का, मदत हवी का.

“नाही, नाही,” ती न थांबता म्हणाली. “माझा नवरा आत आहे. तो झाला की निघू.”

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्याला काय समजलं कुणास ठाऊक, पण जाताना त्याने कॅरॅव्हॅनच्या बंद दाराला हलकेच हात वर करून निरोप दिला.

सप्टेंबरात ते बाल्टिक समुद्रावर गेले. एवढ्या लांब पहिल्यांदाच. तिसऱ्या सकाळी सुहासदादाने पोटातून काढलेल्या द्रावाची पिशवी पुस्तकाच्या पानावर धरली. रोज धरायची असते. खालची अक्षरं वाचता आली तर द्राव स्वच्छ. त्या दिवशी अक्षरं वाचता आली नाहीत.

ताईने कॅरॅव्हॅन गाडीपासून सोडवून तिथेच ठेवली आणि गाडी काढली. वाटेत तो पोट धरून एवढंच म्हणत होता, “हळू, मित्रा.” तिथल्या दवाखान्यात त्याला दाखल करून घेतलं. दोन आठवडे तो तिथे होता. ताप, पोटदुखी, अँटिबायोटिक. ती दिवसभर दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये चालायची. नर्सनी तिला दोनदा बसायला सांगितलं आणि मग सांगायचं सोडून दिलं.

अकोल्याहून त्याच्या धाकट्या भावाचा फोन आला. ताईने मला ते नंतर सांगितलं, अगदी सरळ आवाजात. “भाऊजी म्हणाले, वहिनी, तुमच्या फिरण्याच्या हौसेपायी झालं हे. आजारी माणसाला डब्यात घालून नेतं का कोणी.”

“तू काय म्हणालीस?”

“काही नाही. काय म्हणू?”

डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे घरीही होऊ शकतं, पुष्कळांना होतं. ते तिने भावाला सांगितलं नाही. सुहासदादा बरा होऊन घरी आला, पिशव्या पुन्हा सुरू झाल्या, आणि त्याच आठवड्यात तिने कॅरॅव्हॅन विकायची जाहिरात इंटरनेटवर टाकली. त्याला विचारलं नाही. मला फक्त म्हणाली, “शनिवारी एक माणूस येऊन राहिला एरफुर्टहून. तू ये. मला एकटीला नाही जमणार दाखवायला.”

मी गेले. माणूस तरुण होता, बायको गरोदर, दोघं खूश. ताई त्यांना वजन सांगत होती, डिझेल किती लागतं ते सांगत होती, पण खरेदीदाराकडे न बघता, जमिनीकडे बघून. तेवढ्यात इमारतीचं दार उघडलं आणि सुहासदादा बाहेर आला. पायात घरच्या चपला, अंगावर जॅकेट. किती बारीक झाला होता तो. आमच्यापर्यंत यायला त्याला वेळ लागला.

“नमस्कार,” तो त्या तरुणाला जर्मनमध्ये म्हणाला. “छप्पर गळतं, ते सांगितलं का हिने?”

ताईने वर बघितलं. छप्पर गळत नव्हतं.

“इथे खालचं लाकूड ओलं असतं. ब्रेक एका बाजूला ओढतात. वारा आला की मागून हलते, बायको गाडीत असली तर जरा जपून. आणि आत उभं राहता येत नाही. बाळाला घेऊन अवघड होईल.” प्रत्येक वाक्यानंतर तो नेहमीसारखा थांबत होता, त्यामुळे ते सगळं फारच खरं वाटत होतं. तरुण आणि त्याची बायको एकमेकांकडे बघू लागले. आभार मानून, थोडे गोंधळून, ते निघून गेले.

ते दिसेनासे झाल्यावर ताई म्हणाली, “काय केलंस हे?”

“खोली आहे ती माझी,” सुहासदादा म्हणाला. “तू कशी विकतेस?”

“तुझ्या भावाला…”

“भाऊ अकोल्यात आहे. मी सांगतो त्याला.” तो कॅरॅव्हॅनच्या पायरीवर टेकला, दमला होता. “वसंतात जाऊ. पण तिकडे मीच चालवीन, परतीलाही मीच. त्या दिवशी दवाखान्यात नेताना काय चालवलंस तू.”

ती तिथेच उभी होती, हाताची घडी घालून. मग तिने तोंड फिरवलं आणि इमारतीला एक पूर्ण फेरी मारून आली. आली तेव्हा डोळे लाल होते. मी निघाले.

पुढच्या उन्हाळ्यात मला ड्रेस्डेनला कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी मिळाली. निघायच्या आठवड्यात ते दोघं सुट्टीवर होते, त्यामुळे भेट फोनवरच झाली. सामान एका भाड्याच्या व्हॅनमध्ये घालून मी आणि माझी मैत्रीण येनाहून पूर्वेकडे निघालो. मैत्रीण चालवत होती. आमची बाजू मोकळी होती, पण समोरची, येनाकडे येणारी बाजू पूर्ण बंद होती. आधी एक आडवा झालेला ट्रक दिसला, त्याभोवती पोलीस आणि क्रेन, आणि मग त्याच्या मागे गाड्यांची रांग, संपता संपेना. इंजिनं बंद करून लोक गाड्यांना टेकून उभे होते.

त्या रांगेत, उजव्या लेनमध्ये, दोन ट्रकांच्या मध्ये, मला ती बुटकी कॅरॅव्हॅन दिसली. पुढच्या गाडीत कुणी नव्हतं. कॅरॅव्हॅनचं छप्पर खाली, दार बंद, पडदे ओढलेले. मी मान मागे वळवली, तर तिच्या बऱ्याच पुढे, थांबलेल्या गाड्यांच्या कडेने, पिवळं सुरक्षेचं जॅकेट घातलेली एक बुटकी बाई रांगेच्या तोंडाकडे भराभर चालत होती, अंग पुढे झुकवून.

मी फोन लावला. तिने लगेच उचलला.

“ताई, आत्ता तुला बघितलं मी. समोरच्या बाजूने गेलो आम्ही.”

“हौ? पुढे काय झालं दिसलं का तुला?”

“ट्रक आडवा झालाय. क्रेन आलीय. अर्धा-पाऊण तास तरी लागेल.”

“मंग बरं आहे,” ती म्हणाली. “त्याची पिशवी होऊन जाईल तेवढ्यात.”

“मग तू परत जा ना गाडीपाशी. आता कळलं ना काय झालंय ते.”

“हौ, जाते,” ती म्हणाली.

फोनमध्ये तिच्या पावलांचा आवाज येत होता. तो थांबला नाही, वळल्यासारखाही वाटला नाही. एका ट्रकचा रेडिओ जवळ आला, मागे गेला, मग पुढच्या ट्रकचा आला.